मिक्सर लावतेय हं!

कारखान्यातल्या स्फोटातून तिचा फायरमन नवरा वाचला, पण तेव्हापासून घरातला प्रत्येक आवाज आधी सांगूनच व्हायचा. “दार लावतेय हं!” “कुकरची शिट्टी होईल हं!” वर्षभराच्या उपचारांनंतर समुपदेशक म्हणाल्या, “ते सावरलेत. आता तुम्ही सावरा.” तिचा विश्वास बसेना. आज तो पहिल्यांदाच कामावर जाऊन आला, जेवला आणि आडवा झाला. इतक्यात स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला. सासूबाई सांगायलाच विसरल्या! मागे असाच मिक्सर लागला, तेव्हा तो पलंगाखाली शिरून थरथरत होता. मांडीवरच्या लेकराला काखोटीला मारून ती धावली, सवयीनं थेट पलंगाखाली वाकली. तिथं नुसत्या चपला. मिक्सर थांबला, आणि पलंगावरून खणखणीत घोरणं ऐकू आलं. “मेलं माझं लक्ष! उठला का गं?” दारातून सासूबाई कुजबुजल्या. ती मात्र मोठ्यानं हसली. “पुन्हा लावा, आई!”