हाताला गुण

अर्धांगवायूनंतर सासऱ्यांच्या उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली, आणि रबरी चेंडू दाबत बसायचा तर त्यांना भयंकर कंटाळा. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "मग गेम खेळू द्या, बोटं आपोआप चालतील." सुनेने आठवडाभर दुकानं पालथी घातली आणि फार महाग नसलेला, पण जड हाताचे दणके वर्षानुवर्षं सोसेल असा दणकट गेमिंग लॅपटॉप निवडला.

सहा महिन्यांनी थेरपिस्टने एकेक बोट वाकवून पाहिलं. "आजोबा, हात अगदी ठणठणीत झालाय!"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या नवऱ्याने लगेच विचारलं, "बाबा, मग लॅपटॉप आता मी घेऊ?"



सासऱ्यांचा हात अलगद मांडीवर लुळा पडला. "ठणठणीत कसला? सकाळपासून चमचासुद्धा धरवत नाहीये."