आईच्या दोरीवरचे बोंबील

“नाही आलं बाई अजून तुमचं पार्सल,” मंजुषाला पाहताच पंजाबरावांनी काउंटरमागून हात हलवला. “आलं असतं तं वासानंच समजलं असतं.”

रांगेतले दोघे हसले. उमरखेडच्या एसटी स्टँडवर मंजुषाचं पार्सल दरवर्षी असंच गाजायचं. दिवाळी झाली की कोकणातून तिच्या आईने वाळवलेले बोंबील यायचे आणि पार्सल ऑफिस दिवसभर नाकाला रुमाल लावून काम करायचं. एरवी तीही हसायची. आज तिला हसू आलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती रांग सरायची वाट पाहत बाकावर बसली.

श्रीकृष्ण नोकरीसाठी कोकणात होता तेव्हा दोघांचं जमलं. शेती सांभाळायला तो गावी परतला आणि कोळ्याची ही पोर सोयाबीनच्या मुलखात आली. माणसं चांगली मिळाली. सासूबाई विमलताई जीव लावायच्या. फक्त त्या वासाला घरात थारा नव्हता. मग मंजुषा गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडायची, दोनच बोंबील भाजायची आणि एकटी बसून खायची. एक पेंढी वर्षभर पुरवायची. बोंबील जोडीने वाळतात. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टांगतात. ती जोडी सोडवताना तिला आईची बोटं आठवायची. तेवढंच माहेर. समुद्राविषयी बोलायला इथे होतंच कोण? “लय पाणी असते म्हंतेत?” एवढं विचारून विमलताई पुन्हा तूर निवडायला लागायच्या.

मासा आधीच कमी होत चालला होता. गेल्या दिवाळीचं पार्सल आलं आणि त्यानंतर माहेरच्या गावासमोर मोठ्या धक्क्याचं काम सुरू झालं. भराव पडला, गाळ उपसला, पाणी गढूळ झालं. बोंबील जाळ्यात येईनासे झाले. ज्या वाळूवर दोऱ्या ताणायचे तिथे सिमेंट आलं. भावाने होडी विकली आणि त्याच धक्क्यावर रखवालदारी धरली. आज सकाळी त्याचा फोन आला होता.

“ताई, आई जेवत नाय गं. बोंबील मागते. मी बाजारातले आणून दिले. डोळ्यांनी दिसत नाय तिला, पण नुसती बोटं फिरवली आणि ताट सारलं. म्हणते, हे आपल्या दोरीवरचे नाय.”

फोन ठेवून मंजुषा गोठ्यात जाऊन बसली. पोटभर रडली. मग तोंड धुऊन तिने स्टँड गाठला.

रांग सरली. पंजाबराव खिडकी लावायला उठले. “उद्या पाहा येऊन. कायले थांबून राह्यल्या?”

मंजुषाने पिशवीतून फडक्यात घट्ट बांधलेलं गाठोडं काढलं आणि काउंटरवर ठेवलं. वास लगेच पसरला. पंजाबरावांचा हात सवयीने रुमालाकडे गेला. मग त्यांनी वर लिहिलेला पत्ता वाचला, आणि हात तिथेच राहिला.

“बाई, तुमी समुद्रावर मासे पाठवून राह्यल्या?”

“हो,” मंजुषा म्हणाली. “आईच्या दोरीवरचे आता एवढेच उरलेत.”