माळ्यावरचा अल्बम

इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या वत्सलाबाई आठ-पंधरा दिवसांनी समोरच्या रोशनीला हाक मारत. "अगं, माळ्यावरचा अल्बम तेवढा काढून दे. गुडघ्यांमुळे मला बाई स्टुलावर चढवत नाही." मग चहा व्हायचा, तेच फोटो पुन्हा बघून व्हायचे आणि जाताना रोशनी अल्बम परत वर ठेवायची.

आज रोशनीनेच नामी उपाय काढला. तिने अल्बम हवाबंद डब्यात घातला, कडुनिंबाचा सुकवलेला पाला टाकला आणि डबा खालच्या कपाटात ठेवला. "आता ओल नाही, कसर नाही. आणि काकू, तुम्हाला माझी वाट बघत बसायला नको!"

 

ती गेल्यावर वत्सलाबाईंनी दाराला कडी घातली, स्टूल ओढलं आणि त्यावर चढून डबा पुन्हा माळ्यावर ठेवला, पार मागच्या भिंतीला टेकवून.