सगळ्यात खरं कोण बोलतं?

नववीत मूल्यशिक्षणाच्या तासाला 'सत्य' निघालं, की सरांचं उदाहरण ठरलेलं: शिवलीला. पेपरात चुकून जास्त पडलेले दोन मार्क तिनं स्वतःहून कमी करून घेतले, हे आता शिपाईमामांनाही पाठ झालं होतं. माझ्या पेपरात असे जास्तीचे मार्क कधी पडलेच नाहीत, नाहीतर मीही घेतले असते की कमी करून!

त्या दिवशी सर म्हणाले, "वर्गात सगळ्यात खरं कोण बोलतं, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहा. स्वतःचं सोडून."

मी हाताचा आडोसा केला आणि माझंच नाव लिहिलं.

सरांनी चिठ्ठ्या उघडल्या. शिवलीलाला छत्तीस, महांतेशला पाच आणि मला एक.

"सर, पूर्णिमानं सोताचंच नाव लिवलंय की!" मागून महांतेश ओरडला. सगळा वर्ग खदाखदा हसला. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"व्हय गं?"

तेवढ्यात शिवलीला उभी राहिली.

"न्हाय सर. ती चिठ्ठी मी लिवलीया."

हसू तिथंच थांबलं. तिच्यावर कोण शंका घेणार? सरांनी तर तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मीही वाजवल्या.

शिवलीला सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोलली होती आणि ते फक्त मला माहीत होतं. पण ते सांगायचं, तर आधी मला खरं बोलावं लागलं असतं.