डब्याची झोप

रेडिओ मेकॅनिकने घरीच बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर दर दहा मिनिटांनी स्टँडबायवर जाऊन गप्प व्हायचा. त्याने रिले बदलला, जोड पुन्हा सोल्डर केले, गुण येईना. गंमत म्हणजे बायको फिरायला गेली की तोच डबा तासभर बिनतक्रार वाजायचा. "माझ्यावर डूख धरलाय त्याने," ती म्हणायची. आज ती चपला घालून बाहेर पडताच त्याचा हात सवयीने आवाज वाढवायला बटणाकडे गेला, आणि त्याची ट्यूब पेटली. आवाज थांबला की झोपायचं, हे डब्याला त्यानेच शिकवलं होतं. तिच्या ऑपरेशनपासून ती घरात असताना तो गाणी इतकी हळू लावायचा की डब्याला ती शांतताच वाटायची. ती परतल्यावर त्याने ओशाळून सांगितलं, "तुझी झोप मोडायला नको म्हणून हळू लावायचो." "झोपतो तुमचा डबा," ती म्हणाली. "मी तर गाणी ऐकायला भिंतीला कान लावून पडलेली असते."