कमरेचा दोर

कारखान्याच्या खोल टाकीत विषारी वायू साठलाय का, हे तिचे बाबा कमरेला दोर बांधून स्वतः उतरून बघत. आई रोज सकाळी तो दोर वीत वीत चाचपून मगच डब्यासोबत त्यांच्या हातात देई.

लेकीने तीन वर्षं खपून, वायू लागताच ज्याच्या आतून जाणारा उजेड बदलतो असा काचेचा केसाएवढा तंतू बनवला, तेव्हा बाबा हसले होते. "हा माझी नोकरी करणार?"

आज त्यांच्याआधी तंतू खाली सोडला. वर त्याला जोडलेल्या पेटीवरचा विषारी वायूचा आकडा सरसर चढत गेला. बाबा काठावरच थांबले.

घरी येऊन ते लेकीला एवढंच म्हणाले, "तुझा तंतू नोकरीत कायम झाला."

आईने त्यांच्याकडून दोर घेतला, गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला आणि त्यावर ओले कपडे वाळत घातले.