बंद काचांच्या आत

नवरा दुसरीसोबत बंगळुरूला निघून गेला, त्याला अकरा महिने झाले होते. सगळे मृणालिनीचं कौतुक करायचे, "किती शांतपणे घेतलंस गं!" तीही हसून मान डोलवायची.

दुपारच्या सुट्टीत ती बँकेमागे उभ्या गाडीत एकटीच डबा खायची. त्या दिवशी तिने धाकट्या भावाने पाठवलेला रॉक अल्बम लावला. पत्र्यावर घण पडावेत तसे ठोके सुरू झाले आणि एक माणूस इंग्रजीत किंचाळू लागला. ती बंद करणार, तेवढ्यात त्याचा आवाज फाटून रडवेला झाला. तो कुणाला तरी जाब विचारत होता आणि लोक काय म्हणतील याची त्याला पर्वा नव्हती. तिने आवाज वाढवला. चौथ्या गाण्याला ती स्वतःच स्टिअरिंगवर मुठी आपटत ओरडत होती.

काचेवर टकटक झाली. बाहेर वॉचमन तांबोळीकाका घाबरून उभे होते. "मॅडम, बरं वाटत नाही का?"

"नाही, काका," ती म्हणाली. "अजिबात बरं नाही."

गाणं संपेपर्यंत ते उन्हात गाडीकडे पाठ करून उभे राहिले, कुणी तिकडे येऊ नये म्हणून.